काही नको, तू जा

खोटं वाटलं तर वाटू दे, पण यातलं सगळं माझ्यासमोर घडलंय. मंगळवार होता, दुपारी तीनचा सुमार. मी घरीच शिवणकाम करते. माझ्या मशीनपासून मागच्या खोलीतला दादाचा पलंग आठ पावलांवर.

दादा बसकंडक्टर. एक नंबरचा बोलघेवडा! पक्षाघात झाला आणि तोंडातून नुसतं "आँ... ऊँ..." निघायला लागलं.

वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी गळ्यात अडकवायची एक डबी दिली. दादाने आवाज काढला की हिरवा दिवा लागायचा आणि डबी स्वच्छ बोलायची. फक्त आधी तिला शिकवायचं. दादाचा एकेक आवाज भरायचा आणि त्याचा अर्थ आपण लिहायचा.

"कळला नाही तर रिकामं सोडा. अंदाजे काही लिहू नका," बाईंनी बजावलं होतं.

दोनशे आवाजांपैकी चाळीस मला कळलेच नाहीत. डोक्यावर कामाचा डोंगर. कटकट नको म्हणून मी चाळीसही ठिकाणी एकच लिहिलं...

"काही नको, तू जा."

दादा जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवत होता.

"राहू दे रे दादा, तुझं आपलं नेहमीचंच!" मी हसले.

त्या मंगळवारी डबी बोलली. "काही नको, तू जा."

पुन्हा.

पुन्हा.

"अरे हो, जाते की! किती हाकलशील?" म्हणत मी शिवलेले कपडे पोचवायला गेले. ते वाक्य मीच लिहिलंय, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

परतले तेव्हा दादा जमिनीवर होता. हात दाराकडे. अंग गार.

पंधरा दिवसांनी मी मशीनवर बसले होते. मागची खोली रिकामी...

"काही नको, तू जा."

माझा पाय थांबला. डबी खुंटीला लटकत होती. हिरवा दिवा लागलेला... आणि कुणी बोलल्याशिवाय तो लागत नाही.

मी बॅटरी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी तीनला... पुन्हा.

धावतच बाईंकडे गेले. डबीत प्रत्येक आवाज साठतो. त्यांनी शेवटचा लावला. तारीख आजचीच, दादा जाऊन सोळा दिवस झालेले.

"आँ... ऊँ... आँ..."

दादाच तो!

"काय म्हणतायत हे?" बाईंनी घाबरून विचारलं.

तो त्या चाळिसांतलाच एक होता.

आता रोज तीनला मी पलंगापाशी बसते. डबी जा म्हणते, मी जात नाही. "दादा, काय हवंय रे तुला?" विचारते.

दिवा लागतो... आणि माझंच वाक्य मला ऐकू येतं.