गुलाबी रंग लवकर का आला?

"गेलं! गुलाबी झालं!" बडबड्या ओरडला.

"गप रे!" चष्मिसने धाकट्या भावाला कोपराने ढोसलं, पण तिचाही चेहरा पडला होता. मावशी काम करायची त्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून निळ्या रंगाचे जेमतेम काही थेंब पडले, आणि खालच्या मिरचीच्या रसावर गुलाबी छटा पक्की बसली. रसात क जीवनसत्त्व भरपूर असतं, तर त्याने तो रंग गटागट पिऊन टाकला असता आणि गुलाबी छटा इतक्या लवकर आलीच नसती!

मावशी मटकन खुर्चीत बसली. भरपूर क जीवनसत्त्वाची ही मिरचीची जात तिने कित्येक वर्षं खपून तयार केली होती.

"बाई, परवाही हेच, आजही हेच," दारातून प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "माळ्याला वाफ्यातली सगळी रोपं उपटायला सांगितलंय." आणि ते तडक निघून गेले.

"मावशी, सुट्टी लागली तेव्हा तू हेच करून दाखवलंस," चष्मिस म्हणाली. "तेव्हा अर्धी नळी रिकामी झाली होती! रोपं तीच, मग बदललं काय? लंबूदादा, पळ! माळ्याला अडव, काहीही कर!"

लंबूने धूम ठोकली. चष्मिस मोरीपाशी गेली. तिथे मिरच्या ठेचायचा एक पिवळाधमक खल पालथा घातला होता.

"तेव्हा खल पांढरा होता ना गं?"

"होता!" कचऱ्याच्या डब्यात डोकं खुपसून बडबड्या ओरडला. "हा बघ! पण तुकडे तुकडे झालेत!"

तेवढ्यात आत आलेले मदतनीसकाका ते तुकडे पाहून पांढरेफटक पडले.

"हातातून निसटला हो. साहेब कावतील म्हणून घरचा पितळी आणला. घासून लख्ख केला होता!"

मावशी ताडकन उठली. "अहो, पितळेत तांबं असतं! त्यानेच क जीवनसत्त्वाची वाट लावली!"

तिने एका मिरचीचे दोन भाग केले. एक पितळी खलात ठेचला, दुसरा काचेच्या वाडग्यात. इकडे बडबड्या साहेबांच्या खोलीत घुसला.

"साहेब, चला! तुमच्या प्रयोगशाळेत चोर सापडलाय!"

साहेब धावतच आले. पितळी खलातला रस काही थेंबांतच गुलाबी झाला. मग दुसऱ्याची पाळी आली. निळा थेंब पडला आणि नाहीसा झाला. आणखी एक पडला, तोही गेला! बडबड्या थेंब मोजत होता. नळी निम्म्याच्या खाली उतरली, तरी रस काही गुलाबी होईना.

"बाई, चुकलो," साहेब हळूच म्हणाले. "मी एकदा तरी नीट चौकशी करायला हवी होती." मग एकदम दचकून ते ओरडले, "अरे, माळी!"

सगळे बाहेर धावले. वाफ्याच्या कडेला एक रोप उपटून पडलं होतं, आणि पुढच्या सरीत लंबू हातपाय पसरून आडवा झाला होता.

"साहेब, मी काय करू?" माळी वैतागून म्हणाला. "हा पोरगा म्हणतो, आधी मला उपटा!"

मावशी रडता रडता हसायला लागली.

"शाबास रे पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत," साहेब म्हणाले. मग बाह्या सरसावून ते मातीत बसले आणि उपटलेलं रोप त्यांनी स्वतःच्या हातांनी पुन्हा लावलं.