रविवारी उजवा बंद

रविवारी सकाळी सव्वासातला साताऱ्यात लालासाहेबांचा फोन वाजला.

"उजवा पुन्हा गेला." सांगलीहून शरच्चंद्र बोलत होते. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली.

लालासाहेबांनी डोळे मिटून घेतले. चोवीस वर्षं लष्कराच्या सिग्नल विभागात काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर जुने स्टिरिओ ॲम्प्लिफायर उघडून नव्यानं बोलते करायचा. शरच्चंद्र या निवृत्त प्राध्यापकांचा १९७८चा, अठरा किलोचा ॲम्प्लिफायर त्यांनी दोन महिने खपून उभा केला होता. कपॅसिटर नवे, वायरिंग नवं, घोंघावणं गायब. पण गेल्या सहा आठवड्यांत तीनदा उजवा स्पीकर मुका झाला होता, तिन्हीदा रविवारीच. दोनदा यंत्र साताऱ्याला आलं आणि दोन्हीदा टेबलावर पहिल्याच चाचणीत खणखणीत वाजलं.

"उजवा फ्यूज बघितला का, सर?"

"पाहिला. तार शाबूत आहे. आता माझं ऐका. संध्याकाळी पाचला माझा मित्र वीरधवल येतो. त्याच्यासमोर आज पुन्हा शोभा झाली, तर यंत्र पुण्याला दुसऱ्या कारागिराकडे जाईल. का गेलं, तेही मी सगळ्यांना सांगेन."

सगळे म्हणजे सांगलीतले जुनी यंत्रं बाळगणारे नऊजण. त्यातले चौघं लालासाहेबांच्या दारी रांगेत होते. लालासाहेबांचं काम टिकत नाही, एवढं एक वाक्य त्या नऊजणांत फिरलं की दुकानाला कुलूप.

"यंत्राला हात लावू नका सर. स्क्रूला पन न्हाई. मी येतो."

एसटीत त्यांनी मनातल्या मनात प्रत्येक जोड पुन्हा तपासला. कराड येईपर्यंत सगळे बरोबर निघाले, त्यामुळे डोकं आणखीच तापलं.

दार शरच्चंद्रांच्या पत्नी गोदावरीबाईंनी उघडलं. कपाळावर मेण लावून रेखलेलं कुंकू, कंपासनं काढावं इतकं गोल. "पुन्हा हेलपाटा पडला ना तुम्हाला," म्हणत त्या चहाला वळल्या. हळहळ खरी होती. जरा जास्तच खरी.

लालासाहेबांनी शरच्चंद्रांना समोर बसवलं.

"काल चालू हुतं?"

"उत्तम. दोन्ही बाजू."

"काय लावलं हुतं?"

"माझ्या मैफलीची कॅसेट. शहाऐंशी साली याच खोलीत गायलो होतो. रविवारी पाहुण्यांना ती पूर्ण ऐकवायची म्हणून शनिवारी नुसती दोन मिनिटं चाचणी."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी. तुमचं काम वाईट म्हणत नाही मी. दोन माईक होते तेव्हा. डावा माझ्यापुढे, उजवा श्रोत्यांत, टाळ्यांसाठी. आजवर त्या बाजूला नुसती घोंघों. आता माझ्या सुलूआत्याचा खोकलासुद्धा ऐकू येतो."

"काल चाचणीला खोलीत कोण हुतं?"

"मी आणि वीरधवल. ही चहा घेऊन आली होती."

वीरधवलांची खबर लालासाहेबांना होतीच. तीस वर्षं रेडिओ-टीव्हीचं दुकान चालवलेला माणूस, फ्यूज कुठं असतो हे झोपेतही सांगेल. शनिवारी येताना नव्या ॲम्प्लिफायरची माहितीपत्रकं आणायचा आणि जुन्याला शवपेटी म्हणायचा. कालही यंत्राच्या मागे वाकून बराच वेळ काहीतरी बघत होता, असं शरच्चंद्र म्हणाले.

"त्यो गेल्यावर यंत्र लावलं का?"

"लावलं की. अर्धा तास सतार ऐकली. दोन्हीकडून."

लालासाहेबांच्या हातचा आरोपी गेला. त्यांना त्याचं मनापासून वाईट वाटलं.

ते यंत्रामागे बसले. पाठीवरची उजव्या बाजूची टोपी फिरवून फ्यूज काढला आणि सवयीनं खिशातलं फडकं बाहेर आलं. फौजेतला पहिला धडा: आधी संपर्क पूस, मग तपास.

हात जागीच थांबला.

साताऱ्यात दोन्ही वेळा त्यांनी हेच केलं होतं. आधी पुसलं, मग तपासलं. पुरावा स्वतःच्याच फडक्यानं पुसून टाकला आणि वर सहा आठवडे स्वतःलाच शिव्या घातल्या.

त्यांनी फडकं खिशात घातलं आणि भिंग काढलं. फ्यूजच्या धातूच्या टोकावर चिकट, पिवळसर थर होता. त्यात एक लाल कण.

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"काकू, फ्यूजला मेन लावलंय. मेनातनं वीज जात न्हाई. तार शाबूत दिसती, पन आवाज बंद."

गोदावरीबाई कोथिंबीर निवडत राहिल्या.

"वीरधवलांनी केलं न्हाई. ते गेल्यावर यंत्र वाजलंय. सरांनी केलं न्हाई, त्यांचीच शोभा हुतीया. आन त्या मेनात कुंकू हाय. यंत्र पोचवलं त्या दिवशी मी उजवा फ्यूज कुठला ते समजावत हुतो. सर मधी बोलत हुते. ऐकत एकट्या तुमी हुता, ट्रे घेऊन."

"तुम्ही समजावलंत छान," त्या म्हणाल्या.

"सतार चालती, बातम्या चालत्यात. नको हाय ती फक्त मैफल, आन तीबी उजवीकडची. सुलूआत्याचा खोकला ऐकला आन तुमाला कळलं, त्यांच्याशेजारी कोण बसलं हुतं ते बी ऐकू येनार. काय बोलला हुता, काकू?"

जुडी खाली ठेवून त्यांनी सांगितलं. लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा. पुढं एकोणचाळीस वर्षं त्यांनी त्याच गाण्याला मान डोलावली होती.

"मी सरांना सांगनार न्हाई," लालासाहेब म्हणाले. "पन पाच वाजता माझं नाव जातंय."

गोदावरीबाईंनी हात पुसले आणि नवऱ्याला आत हाक मारली. लालासाहेब बाहेर येऊन बसले. आतून बराच वेळ एकच आवाज येत होता, तोही हळू. मग शरच्चंद्र बाहेर आले, चेहरा आंबलेला. लालासाहेबांकडे न बघता त्यांनी फ्यूज उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि जागेवर बसवला.

पाचला वीरधवल आले. "काय फौजी, तिसरा अंत्यविधी का?"

शरच्चंद्रांनी कॅसेट लावली, आणि दोन मिनिटांवर न थांबता पुढं जाऊ दिली. डावीकडून तरुण शरच्चंद्र आलाप घेत होते. उजवीकडून खोकला आला, बांगड्या किणकिणल्या, आणि एक कोवळा आवाज कुजबुजला, "आत्या, सूर काही सापडत नाही यांना. तोवर मी कुकर लावून येते."

वीरधवल एकदम छताकडे बघू लागले.

शरच्चंद्रांनी टेप थांबवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज वर्गात लावायचा तोच.

"वीरधवल, चाळीस वर्षांपूर्वीची कुजबुज. शब्दन् शब्द. यंत्रात दोष नव्हता, कधीच नव्हता. असं काम करतो हा माणूस. सगळ्यांना सांग. कशावरून कळलं, ते मात्र सांगू नकोस."

वीरधवलांनी एकदा मित्राकडे पाहिलं, एकदा गोदावरीबाईंकडे. मग लालासाहेबांजवळ सरकून, घरी माळ्यावर बहात्तरचा एक ॲम्प्लिफायर पडलाय, कधी घेऊन येऊ, असं हळूच विचारलं.