आधी सोडू, मग बघू

जुन्या फोनच्या दुकानात आमच्या दोघांचे हात एकाच फोनवर पडले. फोन तरी कसला... कोपरा फुटलेला, मागचं झाकण रबरबँडने आवळलेलं. फुकट दिला तरी कुणी घरी नेऊ नये असा.

“मी आधी बघितला,” मी म्हणाले.

“मी आधी उचलला.”

“उचललाय कुठे अजून? वर हात माझा आहे.”

त्याने खाली पाहिलं. माझा हात खरंच त्याच्या हातावर होता. चटका बसल्यासारखा मी तो मागे घेतला आणि कारण नसताना दुकानदारावर डाफरले, “दुसरा नाही का हो असा?”

“असा दुसरा कोण ठेवेल, बाई?” दुकानदार म्हणाला.

बाहेर पावसाची रिपरिप. आठवडाभर उन्हाचं तोंड दिसलं नव्हतं. दुकानाच्या छपराखाली आम्ही दोघं अडकलो आणि एकमेकांची चौकशी झाली. माझं काम चुका काढण्याचं. एखादं ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी ते कुठे अडतं, कुठे फसतं, ते शोधायचं. आई म्हणते, आलेल्या स्थळांचंही मी तेच करते! ऑफिसात सगळ्यांचे फोन नवे कोरे, म्हणून मला हा म्हातारा हवा होता. तो स्वतः ॲप बनवणारा. कंपनीने नारळ दिल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काहीतरी आणत होता, आणि ते जुन्या फोनवर चालतं का, हे त्याला बघायचं होतं.

“फोन तुम्ही न्या,” तो म्हणाला. “पण एक अट... माझं ॲप त्यात पंधरवडाभर ठेवायचं.”

“पहिल्याच भेटीत एकदम पंधरवडा?”

तो कानापर्यंत लाल झाला. “तसं नाही हो! हल्ली ॲप स्टोअरचा नियमच आहे. नवं नाव असेल तर आधी डझनभर माणसांनी ॲप पंधरवडाभर वापरून दाखवायचं. मधेच कुणी काढून टाकलं की सगळं पहिल्यापासून. मला एक माणूस कमी पडतोय. बाकीचे जमवलेत... अर्धे ताईच्या सासरचे आहेत.”

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखे त्याचे डोळे नव्हते.

मग रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा. मी चुका सांगायची, तो दुरुस्त करून आणायचा. पस्तिशीही न गाठलेल्या या माणसाला मी ‘आजोबा’ म्हणायला लागले, कारण त्याचं प्रत्येक बोलणं ‘आमच्या वेळी’पासून सुरू व्हायचं. तो मला ‘तपासनीस’ म्हणायचा.

“आमच्या वेळी ॲप सोडायचं म्हणजे सोहळा असायचा,” तो सांगत होता. “सगळं ऑफिस एका टेबलाभोवती. बटण दाबायचं आणि श्वास रोखून बसायचं. चूक राहिली तर दुरुस्ती पोचायला आठवडा लागायचा, म्हणून सोडण्याआधी दहादा बघायचो. आता? आधी शंभरातल्या एकाला द्यायचं. त्याने बोंब मारली नाही तर पुढच्या दहांना. मारली तर बसल्या जागेवरून बंद. आधी सोडू, मग बघू!”

“वाईट काय त्यात? उलट जपूनच झालं की.”

“त्या शंभरातल्या एकाला विचार.”

‘विचार’ म्हणाला, ‘विचारा’ नाही. मी ऐकलं, आणि ऐकलंच नाही असं दाखवून चहावर फुंकर घालत बसले.

त्याने कप खाली ठेवला. मग सांगायला लागला. गोळ्यांची वेळ झाली की वाजणारं हे ॲप त्याने फार वर्षांपूर्वी, शिकत असताना, वडिलांसाठी बनवलं होतं. वर्षानुवर्षं ते बिनबोभाट चाललं. मग एके दिवशी कंपनीचं नवं अपडेट सगळ्यांआधी बाबांच्या फोनवर आपसूक आलं... आणि ॲप वाजेनासं झालं.

“बाबा बसून राहिले,” तो म्हणाला. “वाजलं नाही, म्हणजे गोळीची वेळ झाली नाही, असंच त्यांना वाटलं. आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला होता.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. या वेळी मागे घेतला नाही.

आता एका दवाखान्याला ते ॲप आपल्या वृद्ध रुग्णांसाठी हवं होतं. महिनाअखेरीला तयार मिळालं, तर ते सांभाळायचं कामही त्यालाच. नाहीतर दुसऱ्या शहरात मेहुण्यांच्या दुकानात बसायचं. आई ताईकडेच होती, तिच्या औषधपाण्याचा भार मेहुण्यांवर किती टाकणार? दिवस सरत गेले तसा तो शीळ घालायला लागला. आणि मी... माझं काय विचारता! ऑफिसात विनाकारण हसायला लागले होते.

पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी त्या म्हाताऱ्या फोनची बॅटरी उतरली. भरून पुन्हा चालू केला. गोळीची वेळ झाली. फोन गप्प. मुद्दाम बंद केला, चालू केला, वाट पाहिली. गप्प. ऑफिसातल्या नव्या फोनवर असंच करून पाहिलं; तिथे वाजत होतं, याच्यावर नाही. आणि दवाखान्यातल्या आजीआजोबांच्या हातात पोरांनी टाकून दिलेले असलेच फोन असणार.

गप्प बसावं, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

संध्याकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. “आज सोडतोय, तपासनीस!” म्हणाला. मी फोन त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं.

“दुरुस्त करायला वेळ नाही लागणार ना?” मी घाईघाईने म्हणाले. “आज सोड. दुरुस्ती मागून पाठव. हल्ली सगळे तसंच करतात, मीच रोज बघते!”

“दुरुस्ती होईल. पण तसल्या फोनांवर महिनाभर बघितल्याशिवाय मी कुणाच्या आजोबांना देणार नाही.”

“दवाखाना थांबणार नाही रे...”

“माहितीये.”

त्याने तिथेच दवाखान्याला फोन लावून नाही म्हटलं. मग ताईला लावला.

जाण्याच्या दिवशीही आभाळ तसंच कोंदलेलं. गाडीतून तो खिडकीशी वाकला. “गप्प बसली असतीस तर मी इथेच राहिलो असतो.”

“आणि उद्या कुणाचं काही झालं असतं, तर तू पुन्हा आतल्या आत कुढत बसला असतास. ते मला बघवलं नसतं. आवडतोस तू मला... एवढंही कळत नाही?”

त्याचे डोळे भरून आले. “कळतं. मलाही आवडतेस, फार. नोकरी लागली की विचारणार होतो.”

“थांब म्हटलं, तर थांबशील?”

“थांबेन,” तो म्हणाला. “म्हणून म्हणू नकोस. आई वाट बघतेय.”

जगाच्या चुका काढताना माझं तोंड कधी अडत नाही. त्या दिवशी एक शब्द गिळताना जीव कासावीस झाला. गाडी हलली. त्याने हात हलवला, मग पावसामुळे काच लावून घेतली.

तेव्हा मी म्हणाले, “थांब.”

त्याला ते ऐकू गेलं नाही. जाणार नाही, याची खात्री करूनच मी म्हणाले होते.