घडीची खुर्ची

"अजून चौघं…" माझ्या मागून कोणीतरी पुटपुटलं, आणि मराठीत पुटपुटलं म्हणून मी वळून पाहिलं.

परक्या देशातल्या विमानतळावर, खांबाआडच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घातलेला एक उंच माणूस बसला होता. मांडीवर एकच छोटी बॅग. बाकी सगळे आपापल्या फोनमध्ये; हा मात्र गेटवरची रांग मोजत होता. काउंटरवर बसून माणसं जोखण्यातच माझी नोकरी जाते. सामान काट्यावर चढायच्या आत मी मालकाचं वजन केलेलं असतं. हिशोब लगेच लागला. हा आपल्यातला. कंपनीचा माणूस, स्टँडबायवर.

"पाच," मी म्हटलं. "निळ्या कोटातली बाई कॉफी आणायला गेलीय. ती तुम्ही धरली नाही."

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "येईल का ती परत?"

"न येवो असं म्हणणं बरं दिसतं का?"

"तुम्ही नका म्हणू. मी म्हणतो, दोघांच्या वतीने."

आमच्या नोकरीत ही एक सोय आहे. विमानात जागा उरली, तर आम्ही जवळजवळ फुकटात जायचं. जागा 'उरली तर'. त्यासाठी नीटनेटके कपडे घालायचे, कुरकुर करायची नाही, आणि पैसे भरून तिकीट काढलेल्या कोणाची तरी गाडी वाटेत बंद पडो अशी मनातल्या मनात प्रार्थना करायची. नोकरीत जो जुना, त्याचा नंबर आधी. तो विमानं दुरुस्त करणारा, माझ्याहून बराच जुना. तो पहिला, मी दुसरी.

"म्हणजे तुम्ही गेल्याशिवाय माझी सुटका नाही," मी म्हटलं.

"माझ्या जाण्याची कोणी एवढी वाट बघतंय, हे पहिल्यांदाच होतंय."

मी हसले. पण लक्ष फोनकडेच होतं. परवा सकाळी आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर त्यानंतर महिनाभर परगावी जाणार होते, आणि एवढा काळ काढणं आईच्या छातीला झेपेलच असं कोणी सांगत नव्हतं. आणि आई कागदावर सही करायला तयार नव्हती. मी विमानात बसल्याचं कळल्याशिवाय करणार नाही, म्हणे. दादाचा फोन दर थोड्या वेळाने येत होता. त्याने सांगितलं, की खोलीत पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या आहेत. एकीवर तो बसलाय, आणि दुसरीवर आईने स्वतःची शाल टाकून ठेवलीय. नर्सलासुद्धा बसू देत नाही. तुझी जागा आहे म्हणते.

काल वादळामुळे विमानं रद्द झाली होती आणि त्यांतली सगळी माणसं आजच्या विमानांत कोंबली होती. सकाळचं गच्च भरून गेलं, आता हे दुपारचं. विकत घ्यायला तिकीट नव्हतं. ते मला कोणी सांगायला नको, विकणारी मीच.

निळा कोट परत आला. मग एक एक करत बाकीचेही. शेवटी दोन प्रवासी उरले, आणि ते कुठे दिसेनात. गेटवरच्या बाईंनी, ज्यांना आम्ही सगळे हेडमास्तरीणबाई म्हणतो, घड्याळाकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे पाहिलं. दोन जागा. दोघं आम्ही. त्याने बॅग उचलली, मीही उचलली.

तेवढ्यात मला ते दिसले. पार पलीकडच्या गेटपाशी एक म्हातारं जोडपं. आजोबांच्या हातात पास उलटा धरलेला, आजी त्यांची बाही ओढतायत. आणि मग मी काय केलं, ते मी अजूनही समजावून सांगू शकत नाही. पाय आपोआप निघाले. "इकडे या, इकडे…" म्हणत मी आजींची पिशवी घेतली, आजोबांच्या कोपराला धरलं आणि दोघांना थेट हेडमास्तरीणबाईंसमोर नेऊन उभं केलं. आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला.

दार बंद झालं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

तो बाकावर बसून माझ्याकडे बघत होता. आता हा चिडणार, मी मनाशी म्हटलं. त्याला तसा हक्कच होता.

"तुम्ही आत्ता," तो शांतपणे म्हणाला, "आपल्या दोघांच्या सीटा हाताला धरून आत नेऊन बसवल्यात."

मला हसू आलं, आणि त्याच हसण्यातून रडू. त्याने रुमाल पुढे केला. घडी मोडलेली नव्हती, कडेला मात्र ग्रीसचा एक जुना डाग होता. मग तो काचेबाहेर बघत राहिला. माझं रडणं पुरं होईपर्यंत बाहेर बघत राहणं… हे सगळ्यांना जमत नाही.

उरलं फक्त संध्याकाळचं विमान. ते हुकलं तर उद्याची वाट, आणि उद्याही गर्दी अशीच. बाहेर पाऊस तिरपा लागला होता. त्याने कॉफी आणली. मी आईचं सगळं सांगितलं, आणि त्याने आपलं सांगितलं, कप फिरवत, तुकड्या-तुकड्याने. बहिणीची मुलगी शाळेत जायला लागली आणि तिने मामा अजून पडद्यावरच पाहिलाय. नोकरीसाठी इथे आला तो आलाच. परत गेलाच नाही. फुकटच्या प्रवासाचा हक्क वर्षामागून वर्ष वाया घालवला.

"का?"

"भीती वाटते."

"घरच्यांची?"

"विमानाची."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. रोज विमानाच्या पोटात शिरणारा हा माणूस!

"प्रवाशांना बरं असतं," तो म्हणाला. "त्यांना काहीच माहीत नसतं. मला प्रत्येक स्क्रू नावानिशी आठवतो. म्हणून आजही मागचीच जागा मागायची, आतल्या बाजूची. डोळे मिटायचे. उघडले की पोचलो."

त्या दिवसापासून नाही, त्या क्षणापासून मी त्याला मनात स्क्रूवाले म्हणायला लागले. आणि गंमत बघा, माझ्या हिशोबी डोक्याने त्या भित्र्या माणसाला उणे गुण द्यायला हवे होते. बेरीज मात्र वाढतच चालली होती.

संध्याकाळच्या गेटवर पुन्हा हेडमास्तरीणबाई. रांग संपली. दादाचा मेसेज आला, आईने जेवायला नाही म्हटलंय. बाईंनी पडद्यावर बोट फिरवलं आणि एकच बोट वर केलं.

एक जागा. आणि पहिला नंबर त्याचा.

मी मान खाली घातली. तो उठून काउंटरपाशी गेला. त्याचं काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं. बाईंच्या भुवया तेवढ्या वर चढताना दिसल्या. त्यांनी फोन उचलला, ऐकलं, ठेवला. मग त्याच्या दंडावर थोपटलं. आजवर त्यांनी कोणाला थोपटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पास माझ्या हातात ठेवला. माझ्या नावाचा.

"आणि तुम्ही?"

"कॉकपिटमध्ये. वैमानिकांच्या मागे ती घडीची खुर्ची असते ना… कॅप्टन हो म्हणाले."

मला माहीत होती ती खुर्ची. काउंटरवाल्यांना तिथे मनाई, इंजिनिअरला कॅप्टनच्या परवानगीने बसता येतं. समोर सगळी काच. सगळे दिवे, सगळे काटे, सगळं आभाळ.

"वेडे आहात का? नुसती जागा सोडली असतीत तरी मला मिळाली असती. तुम्ही इथेच सुखात राहिला असतात."

"तोच तर घोळ झाला," तो म्हणाला. बोलताना नजर बुटांवर होती. "सकाळी तेच हवं होतं. निमित्त मिळालं असतं तर मी आनंदाने इथल्या खोलीवर परतलो असतो. पण दुपारी तुम्ही त्या दोघांना घेऊन आलात… आणि मग… तुम्ही जाणार आणि मी इथे राहणार, हे काही जमेना."

मी त्याचा रुमाल, माझ्या रडण्याने चुरगळलेला, त्याच्याच मुठीत दाबला आणि मूठ जरा जास्त वेळ धरून ठेवली.

माझी जागा शेवटच्या रांगेत, दोन घोरणाऱ्यांच्या मधोमध. दार लागायच्या आत फोन केला.

"बसलीस?" आई.

"बसले."

"पट्टा लाव. दादा, आण रे तो कागद."

रस्ताभर मी पुढच्या बंद दाराकडे बघत होते. विमान हादरलं की मला माझी नाही, त्या खुर्चीची काळजी. मध्येच हवाईसुंदरी वाकून हसू दाबत म्हणाली, "कॉकपिटमधले तुमचे ते विचारतायत, घाबरलात तर नाही ना?"

'तुमचे ते' मी दुरुस्त केलं नाही.

उतरल्यावर सगळे निघून गेले. मी विमानाच्या दाराबाहेर थांबले. तो शेवटी आला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चालणं बोटीतून उतरल्यासारखं.

"डोळे उघडे ठेवले," तो म्हणाला. "पूर्ण वेळ. सकाळ होताना ढगांवर… तुम्ही असायला हव्या होतात."

मग तो थांबला. बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या. त्याच्या गावाची गाडी उजवीकडून, इस्पितळाचा रस्ता डावीकडे. तो दोन्ही पाट्यांकडे बघत उभा राहिला, हातातला पास उलटा धरून.

"भाची संध्याकाळी शाळेतून येते," तो म्हणाला. "तोवर… म्हणजे तुमची हरकत नसेल तर…"

मी त्याच्या हातातली बॅग घेतली आणि कोपराला धरलं.

"इकडे या, इकडे."

"आता कोणाची जागा जाणार?" त्याने विचारलं, पण कोपर सोडवून घेतलं नाही.

"दादाची. तो रात्रभर जागलाय, त्याला घरी झोपायला पाठवू." मी चालता चालता म्हटलं. "आणि मी माझ्या खुर्चीवरची शाल उचलून बसल्याशिवाय तुम्ही बसू नका. आई आधी माझ्याकडे बघेल, मग तुमच्याकडे. तिची नजर माझ्याहून पक्की आहे."

त्याचा चेहरा काल पास देताना झाला होता तसाच पांढरा झाला. पण पाऊल मागे पडलं नाही.