हातभर लांब

काशीराम पाटलांच्या माडीवर थंडीची पेटी, म्हणजे एअरकंडिशनर, बसली, तेव्हा त्या घरात कोणाच्या वाट्याला काय आलं ते आधी पाहू. काशीराम मिठागरवाला. त्याला मान मिळाला. पाहुणा आला की तो त्याला माडीवर नेऊन बसवायचा आणि तो कुडकुडेपर्यंत खाली सोडायचा नाही. त्याच्या बायकोला, भीमाबाईला, गुडघेदुखी मिळाली. तिनं दुसऱ्याच दिवशी वाकळ उचलून ओटीवर मुक्काम हलवला. खरी कमाई झाली मालूची, आणि ती मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही.

मालू ही काशीरामची भाची. आई गेल्यापासून मामाकडेच वाढलेली, वय वीस, हिशेबाला पक्की. पेटी खोलीत जेवढी गार फुंकर घालते तेवढीच मागच्या गॅलरीत गरम फुंकते, हे त्या घरात फक्त तिनं हेरलं. पासष्ट सालचा श्रावण होता. उन्हाचा पत्ता नाही, भिंतींनाही पाझर फुटलेला. खाडीची कोळंबी मातीमोल भावानं दारात येत होती. पण तीच सोलून, वाळवून तिचे सोडे केले की शेराला आठ रुपये! ऐन पावसात ताजे सोडे करणार कोण आणि वाळवणार कुठं?

मालूनं जुन्या लुगड्याची झोळी केली, सोललेली कोळंबी तिच्यात पसरली आणि झोळी पेटीच्या पाठीला भिडवून टांगली. दोन दिवसांत कडकडीत सोडे. वीज मामाची, नफा भाचीचा. तिला पितळी पारड्यांचा तराजू घ्यायचा होता, तीस रुपयांचा. तो आला की बाजारात स्वतः बसायचं. सध्या तिचा माल विकणारी सोनाबाई तिसरा हिस्सा कापून घेई, आणि तो तिसरा हिस्सा मालूच्या घशात काट्यासारखा रुतून बसला होता.

मग एके दिवशी पेटी घरघरली, धापा टाकल्यासारखी हलली आणि गप्प झाली.

काशीरामनं मुंबईच्या कंपनीला पत्र टाकलं. एका फेरीचे पंधरा रुपये, मेकॅनिकच्या भाड्यासकट. चौथ्या दिवशी एस.टी.तून एक तरुण उतरला – खाकी पँट, खांद्याला अवजारांची पिशवी, आणि केसांतून निथळणारं पाणी. नाव कमळाकर.

"मागची बाजू पाहायला हवी," तो अगदी शुद्ध, शहरी मराठीत म्हणाला. मालू त्याला गॅलरीत घेऊन गेली. झोळी उतरवून ठेवायला तिला सवडच मिळाली नव्हती.

"हवा अडली आहे. हे काय टांगलंय इथे?" त्यानं झोळी बाजूला केली, नाक जवळ नेलं... आणि तोंडातून निघून गेलं, "आयला, सोडे हायेत!"

मालू पदर तोंडाला लावून हसली. "मुंबईचं मराठी कुठं गेलं?"

"उरणला गेलं," तो ओशाळला. "द्रोणागिरीच्या पायथ्याला आमचं घर हाय – आहे."

"हाय म्हना. नाय रागवनार कोनी." मग तिचा आवाज उतरला. "मामाला सांगनार काय?"

"सांगायला हवं. पंधरा रुपये ते देणार."

तिनं मूठभर सोडे कागदात बांधले आणि त्याच्यापुढे धरले.

"लाच?"

"लाच नाय. चव."

पुडी पिशवीत गेली. त्यानं ब्रशनं पेटीची मागची जाळी झाडली, तिच्यात अडकलेले कोळंबीचे पाय एकेक करून वेचले. मग कोपर पेटीला टेकवून बोटांच्या टोकापर्यंत हात सरळ धरून दाखवला. "एवढं. हातभर लांब टांगा. हवा मोकळी सुटेल, मशीनही चालेल, सोडेही वाळतील. खर्च काही नाही."

बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की तो स्वतः मालूपासून हातभरही लांब नाही. तो चटकन मागे सरला.

"तुमाला पन हवा लागते वाटतं," मालू म्हणाली.

बिलावर त्यानं लिहिलं : मागची हवा मोकळी केली, रु. १५. सोड्यांबद्दल अक्षर नाही.

सल्ला फुकटचा होता आणि चोख होता. मालूनं झोळी हातभर लांब बांधली. आठ दिवस पेटी झकास चालली, सोडे झकास वाळले. नवव्या दिवशी मात्र ती दोरीशी उभी राहिली. वळचणीचं पाणी कठड्यावर टपटपत होतं... आणि तिच्या मनात आलं, चालत्या पेटीला मेकॅनिक कशाला लागतो?

आणा-दोन आण्यांसाठी कोळणीशी घासाघीस करणाऱ्या त्या पोरीनं गाठ सोडली आणि झोळी पुन्हा पेटीच्या पाठीला भिडवली.

पेटी पुन्हा गप्प झाली आणि कमळाकर आला. जाळी झाडली, हात टेकवून दाखवला. "हातभर म्हणालो होतो."

"माझा हात आखूड हाय."

"बघू," असं तो म्हणाला खरा, पण बघितलं डोळ्यांकडे.

मधूनमधून तो न बोलावताही येऊ लागला. "कंपनीचा नियम आहे, दुरुस्तीनंतर नजर टाकून जायचं," हे तो दर वेळी जमिनीला सांगायचा. पेटीवर दोन मिनिटं नजर टाकायचा. मग कठड्याला टेकून मालूला चाळीतल्या गमती सांगायचा आणि कोळंबी सोलायला लागायचा. सोलायचा मात्र सफाईनं. मालूनं ते मनात टिपून ठेवलं.

भाद्रपदात पेटी तिसऱ्यांदा बंद पडली आणि काशीरामचं डोकं तापलं.

"ही कसली दुरुस्ती?" त्यानं कमळाकरला माडीवर उभं केलं. "तू आलास का मशीन चालते, तू गेलास का मरते! पंधरा, पंधरा, पंधरा... पंचेचाळीस रुपये गेले माझे. तूच कायतरी ढिलं करून जातोस. आज लिवतो तुज्या सायबाला पत्र!"

कमळाकरचा चेहरा उतरला. पत्र गेलं की नोकरी गेली. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. त्यानं मालूकडे पाहिलंसुद्धा नाही. "लिहा," तो म्हणाला.

मालू आत गेली आणि झोळी व पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात बरोबर तीस रुपये होते. आदल्याच दिवशी भरले होते.

"पत्र नका लिवू, मामा. मशीन मी बंद पाडते." तिनं झोळी उघडली. माडीभर वास दरवळला.

"तरीच!" काशीराम उडाला. "तरीच इथं बसलं का मला भूक लागते!"

"पहिल्यांदा चुकून झालं. ते पंधरा तुमी सोसा. पुढचे तीस हे घ्या, तराजूसाठी साठवलेले."

"ते कसले?"

"यांनी सांगितलं होतं, हातभर लांब टांगा म्हणून."

"मग का नाय टांगलं?"

मालूची बोटं पदराच्या काठाशी खेळू लागली. "टांगलं असतं तर... कोन आलं नसतं."

काशीरामनं गोंधळून वही काढली, जणू याचा उलगडा तिच्यात सापडणार होता. "म्हंजे तीन फेऱ्या..."

"तीन?" चहाचे कप घेऊन आलेली भीमाबाई दारातूनच म्हणाली. "ह्यो धरून सात चहा झालं माझं. आनि ते जास्तीचे चार आयतवारी. आयतवारी कंची कंपनी उघडी असते रं, पोरा?"

काशीरामनं वहीवरून मान वर केली. "त्या चार फेऱ्यांचं भाडं कोनी दिलं?"

कमळाकर कानापर्यंत लाल झाला. "मी दिलं."

"कशापायी? मशीन तर चालत होती!"

"चालत होती," तो म्हणाला, आणि आता मात्र त्यानं सरळ मालूकडे पाहिलं. "म्हनूनच. बंद पडायची वाट बघवत नव्हती."

या वेळी त्याचं मुंबईचं मराठी कुठं गेलं, हे मालूनं विचारलं नाही. ती हसत होती, आणि डोळे पुसायला तिला पदर पुरत नव्हता.

काशीरामनं तीस रुपये मोजून खिशात घातले. व्यवहार तो व्यवहार. मग मंगळवारी द्रोणागिरीच्या पायथ्याशी माणूस धाडला आणि मार्गशीर्षात लग्न लावून दिलं.

तेव्हा आता शेवटची बेरीज. चार फेऱ्यांचं भाडं कमळाकरनं भरलं, सात चहा भीमाबाईनं पाजले, दोन दुरुस्त्या मालूनं सोसल्या. पण पाठवणीच्या दिवशी मालूच्या ट्रंकेवर पितळी पारड्यांचा एक तराजू होता. तो कोणी ठेवला ते कोणी बोललं नाही. काशीरामच्या वहीत मात्र त्या तारखेला, लग्नखर्चाच्या पानावर नव्हे, वेगळ्याच पानावर एक ओळ आहे : मशीन दुरुस्ती, शेवटची, रु. ३०.