बाबलीचे तीन ठोके

गौरेश, दिवा राहू दे, बारीक कर फक्त. पाखरं येतात. आणि सेजल, हसू नकोस. भावाला अग्निशमन दलात नोकरी लागली याचा मलाही आनंद आहे. पण मघाशी जेवताना तो काय म्हणाला ते मी ऐकलं. नव्या बंबात टाकी भरली की समोर हिरवा दिवा लागतो, ठोकून बघायची गरजच नाही. बरोबर ना, गौरेश? म्हणून आज सांगतो. एरवी ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी एकोणतीस वर्षं त्याच खात्यात फोनवर बसलो. आग लागली की लोक फोन करतात, तो उचलायचा, पत्ता लिहायचा, घंटा मारायची. त्यातले निम्मे फोन खोटे. कोणी घोट मारून करतो, कोणी शेजाऱ्याची खोड काढायला. त्यामुळे संशय घेणं हा माझा धंदाच होऊन बसला. तुमची काकी म्हणते, देवळातला प्रसादसुद्धा हा माणूस हुंगून तोंडात टाकतो. असू दे. पण त्यामुळेच सांगतो, यातली एकही गोष्ट मी तपासल्याशिवाय मानलेली नाही. स्टेशनाचं नाव मात्र विचारू नका. पेडणे तालुक्यातलं, एवढंच. माणसं अजून नोकरीत आहेत.

सखाराम आमचा ड्रायव्हर. मूळचा सावंतवाडीकडचा, पण धारगळला घर बांधून कधीचाच इथला झालेला. माझा दोस्त. दुपारचा डबा आम्ही ती सगळी वर्षं एकत्र खाल्ला म्हणा ना. तो त्या एप्रिलअखेर निवृत्त होणार होता. आणि त्याच महिन्यात आमच्याकडे दोन नवे बंब आले. नारळ फुटले, झेंडूच्या माळा चढल्या, साहेबांनी भाषण केलं. जुन्या बंबाला आम्ही 'म्हातारी' म्हणायचो. चौऱ्याण्णव सालची गाडी. ती डिचोलीच्या पलीकडे एका आवारात नेऊन सोडायची होती, जिथे मोडीत काढायच्या गाड्या ठेवतात. दिवसा हायवेवर मोपाच्या विमानतळाची वर्दळ, आणि म्हातारी तीसच्या वर पळत नव्हती. साहेब म्हणाले, रात्रीच न्या. सखाराम म्हणाला, मीच नेतो, मीच तिला चालवली.

तारीख पाठ आहे माझी. बारा एप्रिल दोन हजार तेवीस, बुधवार. अमावास्या नव्हती, पौर्णिमाही नव्हती. चैत्र वद्य सप्तमी, चंद्र उशिरा उगवणार होता. रात्री पावणेबाराला गाडी फाटकाबाहेर पडली.

आता नीट ऐका. टाकी रिकामी होती. दुपारी माझ्या डोळ्यांदेखत सगळं पाणी आंब्याच्या झाडाला सोडलं. पाइपाचे पितळी जोड काढून ठेवले आणि तोंडांवर पत्रा मारून बोल्ट आवळले. वरचं झाकण तर वर्षभर उघडलंच नव्हतं. मी स्वतः बोटाच्या पेराने टाकीवर ठोकलं. ठण्ण. पोकळ.

हे ठोकणं आमच्यातली जुनी रीत. बंब आगीवरून परत आला की आधी टाकी भरायची, मग हातपाय धुवायचे, मग चहा. जो भरेल त्याने टाकीवर ठोकायचं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, 'भरली'. भरलेल्या टाकीचा आवाज बसका येतो, रिकामीचा घुमतो. प्रत्येकाची ठोकायची तऱ्हा वेगळी. बाबली म्हणून एक फायरमन होता आमच्यात, तो पान्याने ठोकायचा. दोन लागोपाठ, मग जरा थांबून तिसरा. टक् टक्... टक्. 'भरली!' फोनवर बसल्या जागी मला कळायचं, हा बाबली.

बाबलीचं काय झालं ते आधी सांगायला हवं.

दोन हजार एक. असाच एप्रिल. धारगळच्या वर काजूच्या डोंगरात कुंभेवाडी आहे, तिथे यशोदा नावाची वयस्क बाई एकटी राहायची. घरामागे काजूची भट्टी. भट्टीवरून ठिणगी उडाली आणि घर पेटलं. आमचा बंब, हीच गाडी, दुपारी बारा वाजता पोचला. पाइप सोडला... आणि दोन मिनिटांत पाणी संपलं. पाइप नुसता खोकत राहिला. यशोदा आत होती. बाबली ओलं गोणपाट अंगावर घेऊन आत घुसला, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले त्याचे. ती नाही वाचली.

चौकशी झाली. सकाळी टाकी भरायचं काम बाबलीचं. तो शपथेवर सांगत होता, साहेब, मी भरली, काठोकाठ भरली. कोणी मानलं नाही. मग पाणी गेलं कुठे? बाबली खोटं बोलतो, असं सगळ्यांचं ठरलं. सखारामानेही तीच साक्ष दिली. बाबलीची बदली झाली. वाडीतली माणसं त्याला बघून तोंड फिरवायची. त्याने बाटली जवळ केली आणि आठ वर्षांत तो गेला. मागे बायको राहिली, विनोदिनी.

तर ती रात्र. बारा वाजून दहा मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. सखाराम.

"गोकुळ, टाकी कोणी भरल्यान रे?"

"कोण भरतलो? तोंडार पत्रो मारलेलो आसा."

"मागसून पाणी ढकलता माका. ब्रेक मारलंय की ढकलता."

ड्रायव्हर यात फसत नाही, गौरेश. तुलाही कळेल. टाकीत पाणी असलं की ब्रेक मारल्यावर ते पुढे येऊन आपटतं आणि गाडी थांबता थांबता पुन्हा सरकते. मी म्हटलं, उतर आणि ठोकून बघ. त्याने ठोकलं. फोनवर मलाही ऐकू आलं. ठण्ण. पोकळ.

"संदीपाची मस्करी आसतली," तो म्हणाला. पण आवाजात मस्करी नव्हती.

संदीप आमचा नवा फायरमन, जरा वात्रट. मी उठून बघितलं. तो शेजारच्या खोलीत तोंड उघडं टाकून घोरत होता. तरी माझा संशय जाईना. पाण्याच्या खोलीला कुलूप होतं का बघितलं. होतं. चावी खिळ्यावर होती.

बारा पंचवीस. पुन्हा फोन.

"गोकुळ... आता खाली बसको आवाज येता. कमरेपर्यंत."

"परत ठोक."

"ठोकलंय मी. दोनदा. कमरेपर्यंत भरलेली आसा."

मला वाटलं, हा घोट मारून निघाला की काय. आयुष्यभराची सवय, दुसरं काय सुचणार. मी त्याला विचारलंसुद्धा. त्याने फोन ठेवला.

बारा चाळीस.

या वेळी नुसता श्वास.

"सखाराम? खय आसस?"

"...गाडीत."

"गाडी खय आसा?"

"माका ठावक नाय. मी हायवेनच जाय होतंय... गोकुळ, इंजिन बंद आसा. मी बंद नाय केलंय."

"बरं. उतर खाली."

"नाय उतरणंय."

"कित्याक?"

"मागे... कोणतरी आसा."

मग मी ऐकलं. या कानांनी. फोनमधून.

टक् टक्...

टक्.

बसका आवाज. गळ्यापर्यंत भरलेला.

त्यानंतर 'भरली' यायला हवं होतं. नेहमी यायचं. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. तो तिकडे, मी इकडे. काही आलं नाही. कोणीतरी ते आमच्याकडून ऐकायला थांबलं होतं, असं मला वाटलं.

मग सखाराम बोलला. माझ्याशी बोलत नव्हता. मान मागे वळवून बोलत असावा, आवाज लांबून येत होता.

"बाबली... तू भरलेलंस. माका ठावक आसा. मी रिकामी केलंय."

आणि सांगितलं त्याने सगळं. त्या दिवशी सकाळी दहाला तो ब्रेक तपासायचे म्हणून गाडी घेऊन बाहेर गेला होता. गेला तो बहिणीकडे, आनंदीकडे. तिच्या मुलीचा साखरपुडा होता, विहीर आटलेली, पन्नास माणसं जेवायची. याने टाकीतलं पाणी तिच्या पिंपांत सोडलं. उन्हाळ्यात आम्ही सगळेच असं करायचो, आगीवरून परत येताना उरलेलं पाणी बायकांच्या कळशांत घालायचो. त्याला वाटलं, परत जाऊन भरू. पण तो फाटकात शिरला आणि मी घंटा मारली. कुंभेवाडी. गाडी तिथूनच वळली. टाकीत तळाशीच पाणी उरलंय हे सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही. पुढे तर नाहीच.

"तुका बुडयलंय मी," तो म्हणत होता. "माका माफ कर म्हणूचा पण तोंड नाय माका."

मग फोन बंद पडला.

संदीपला हलवून उठवलं, फोन दुसऱ्याच्या हवाली केला आणि दोघं मोटारसायकलवर निघालो. कुठे जायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कुंभेवाडीचाच रस्ता धरला.

दीडला पोचलो. चंद्र नुकताच वर आला होता. यशोदाच्या घराचं नुसतं जोतं उरलेलं आहे तिथे, आजूबाजूला काजूची झाडं. आमची म्हातारी गाडी त्या जोत्याला तोंड करून उभी. सखाराम पायरीच्या दगडावर बसलेला. जिवंत होता. डोळे उघडे होते.

मी टाकीजवळ गेलो. ठोकावंसं वाटत नव्हतं. ठोकलं.

बसका.

संदीपने ठोकलं. बसका. वरपर्यंत. तो दोन पावलं मागे सरला.

बॅटरी मारून मी झाकण बघितलं. गंजलेलं, तसंच. त्याच्या बिजागरीवर कोळ्याचं जाळं होतं, अखंड. तोंडांवरचा पत्रा जागच्या जागी. जोत्यावरून चालत गेलो, पायाखाली नुसती धूळ. नळ नाही त्या वाडीत. विहिरीत पोहरा सोडला तर दगडावर आपटला. सगळं तपासलं मी. मग गाडीची चावी काढून खिशात घातली.

सखाराम एवढंच म्हणाला, "विनोदिनीगेर चल."

उजाडताना तिच्या दारात पोचलो. ती अंगण झाडत होती. तिघांना बघून तिने झाडू टेकवून ठेवला. सखारामने तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, एक शब्द न वगळता. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिने ऐकून घेतलं.

"माका ठावकच होता," ती म्हणाली. "तेंनी माका त्याच दिसा सांगल्यानी, टाकी भरलेली म्हणान. मी मानलंय. तुमी कोणी मानूक नाय."

मग ती सखारामकडे बघेना. माझ्याकडे बघायला लागली.

"तुमी ठोके आयकलेले ना त्या सकाळी, गोकुळबाब? ते मरापर्यंत म्हणा होते, गोकुळान आयकलेले आसत, तो सांगतलो."

...

हो. ऐकले होते. बाबलीचे तीन ठोके आणि 'भरली', सकाळी नऊ वाजता, खिडकीतून. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आठवत नाही. पाणी नव्हतं ही गोष्ट खरी होती, मग माझ्या कानांनीच चूक केली असेल, असं मी मनाशी ठरवलं. सखाराम दहाला गाडी घेऊन गेला, ती नोंद रजिस्टरात माझ्याच अक्षरात होती. तिच्यावर मला संशय आला नाही. रोज डबा खायचो ना एकत्र. जन्मभर साऱ्या जगावर संशय घेतला मी, आणि नको तिथे विश्वास ठेवला. याची मला लाज वाटते, पोरांनो, आजही वाटते.

मी तिला म्हटलं, "आयकलेलंय."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "खय आसा ती गाडी? माका दाखयात."

रिक्षा करून आठ वाजता आम्ही चौघं कुंभेवाडीत होतो. चावी माझ्या खिशातून हललेली नव्हती. गाडी रात्री होती तशीच उभी. कोळ्याचं जाळं अखंड. पत्रा जागेवर. संदीपने टाकीवर ठोकलं.

ठण्ण.

आवाज झाडांत घुमला.

विनोदिनी तोवर जोत्याकडे गेली होती. चपला काढून वर चढली आणि थांबली. मी मागून गेलो. आजूबाजूला सगळीकडे धूळ, वाळलेला पाचोळा. आणि तेवढंच ते जोतं, चारही कोपऱ्यांपर्यंत, भिजून काळंभोर झालेलं. पाऊल बुडेल इतका चिखल. त्यातून बारीक वाफ निघत होती.

ती खाली वाकली. तळवा जमिनीला लावला आणि माझ्याकडे बघितलं.

मीही हात लावला.

गरम होती.