पटावरचं नाव

चौथीच्या वर्गाला टॅब मिळायची चिन्हं दिसेनात, तेव्हा स्वरदाबाईंनी कार्डांचा खेळ आणला. दौलताबादच्या त्या शाळेत त्या रोज संभाजीनगरहून स्कूटीवर येत आणि अडून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रत्येक पोराला काळ्या-पांढऱ्या नक्षीचं एक कार्ड. फळ्यावर प्रश्न, खाली अ, ब, क, ड. जे उत्तर वाटेल ते अक्षर वरच्या बाजूला करून कार्ड उंच धरायचं. बाई मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवत, आणि पडद्यावर त्या त्या कार्डाशी नाव उमटे. उत्तर बरोबर असलं तर हिरवं, चुकलं तर लाल. एरवी तोंड न उघडणारी पोरंही या खेळात हिरीरीनं हात वर करत.

चौदा नंबरचं कार्ड रत्नमालाचं. मेंढपाळाची पोर, पाढ्यांत सगळ्यांच्या पुढं. दिवाळीच्या सुट्टीत मेंढरांमागं डोंगरात गेली ती परतलीच नाही. पोलिसांनी विहिरी पाहिल्या, किल्ल्याचा खंदक पाहिला. साधी चप्पलही सापडली नाही. तिची आई वच्छलाबाई शाळेत आली ती एकच मागणं घेऊन.

"बाई, पटावरनं तिचं नाव कमी करू नका."

बाईंनी शब्द दिला आणि ते कार्ड कपाटात कुलपाआड ठेवलं.

जानेवारीत एका दुपारी पडद्यावर खिडकीखाली रत्नमालाचं नाव उमटलं. हिरवं. खिडकीच्या जाळीची सावली कॅमेऱ्याला कार्डासारखी वाटली असणार, असं म्हणून बाईंनी जाळीला पुठ्ठा लावला. दुसऱ्या दिवशी नाव शेवटच्या रिकाम्या बाकावर आलं. मग ते रोजच येऊ लागलं. कपाट उघडून पाहावं, तर कार्ड जागच्या जागी. चुकीचं उत्तर मात्र एकदाही आलं नाही.

मुख्याध्यापक वैजनाथ सरांनी खेळाचा अहवाल पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हजेरीत मुलगी गैरहजर, इकडं रोज उत्तरं देते. आठवड्यावर पटपडताळणी आलेली. साहेब लोक याला बोगस हजेरीच म्हणणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. शाळा सुटल्यावर बाईंनी मोबाइलमधून ते नाव काढून टाकलं. बोट एकदाच टेकवावं लागलं. दिलेला शब्द मोडला म्हणून घरी जाईपर्यंत त्यांना स्वतःचीच लाज वाटत राहिली.

दोन दिवसांनी सकाळी शाळा भरली, तेव्हा वच्छलाबाई वर्गाच्या दाराशी उकिडवी बसलेली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"रोज सांजच्याला यायची," ती म्हणाली. "शाळंत काय इचारलं ते सांगायची. परवा म्हणली, सात अठ्ठे छप्पन्न. काल आली नाय."

परवाचा शेवटचा प्रश्न तोच होता.

"नाव कमी केलं का, बाई?"

बाईंना तिच्याकडं बघवेना. त्या कशाबशा हो म्हणाल्या.

वच्छलाबाई रडली नाही, भांडली नाही. नुसती बसून राहिली.

नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणत बाईंनी मोबाइल काढला. चौदा नंबरपुढं नाव परत लिहिलं. फळ्यावर प्रश्न घातला, नऊ गुणिले सहा.

कार्डं वर झाली.

कॅमेरा खिडकीखालून गेला. तिथं काही नव्हतं.

शेवटच्या बाकावरही नव्हतं.

तेवढ्यात दाराशी वच्छलाबाईनं उकिडवं बसणं सोडलं. पाय दुमडून नीट मांडी घातली, पदर बाजूला सारला.

बाईंनी कॅमेरा तिकडं वळवला.

नाव मांडीवर होतं. हिरवं.

वच्छलाबाईला पडदा दिसत नव्हता. ती खाली बघत, हवेतच केसांची बट कानामागं सारल्यासारखी बोटं फिरवत होती.

"पुढचं इचारा, बाई," ती हळूच म्हणाली. "वाट बघायली ती."